दुसरे विधान

एकदा एका गणिताच्या गुरुजींकडे एक मुलगी आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "गणितं मला येतात, गुरुजी. परीक्षेला मात्र बसता येत नाही."

गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांच्याकडे येणाऱ्यांची तक्रार नेमकी उलटी असे. फॉर्म भरलेला असे, हॉल तिकीट येऊ घातलेले असे, घरात पेढ्यांचा बेतही झालेला असे. गणिताचा तेवढा पत्ता नसे. ही मुलगी काही निराळेच बोलत होती. ते म्हणाले, "आत ये. पाणी घे. मग सांग."

गुरुजींचे वय तेव्हा सत्त्याहत्तर. हायस्कूलमधून निवृत्त होऊन एकोणीस वर्षे झाली होती. तालुक्याच्या गावात, बाजारपेठेच्या मागे त्यांचे घर होते आणि पुढच्या खोलीत एक जुना फळा होता. पदवी झालेली मुले व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळावा म्हणून जी परीक्षा देतात, तिच्यातल्या गणिताची तयारी ते करून घेत. हे गणित शाळेच्या गणिताहून फारसे अवघड नसते, फक्त घाईचे असते. एका प्रश्नाला जेमतेम दीड मिनिट, खाली चार पर्याय, आणि चुकले तर मिळालेले गुणही कापले जाणार. गुरुजींना घाईचा मनस्वी तिटकारा होता. तरीही ते हेच शिकवत, आणि मला विचाराल तर त्या तिटकाऱ्यामुळेच चांगले शिकवत.

मुलीने हातातला मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "हा बंद करता येत नाही मला. परीक्षेला जाताना फोन बंद करून बाहेर ठेवावा लागतो. गेल्या वर्षी मी दारापर्यंत गेले. बटणावर बोट ठेवलं आणि हातच गळाला. दार लागलं. मी एसटी धरून घरी आले."

"बंद केला तर काय होईल असं वाटतं?"

"एकदा केला होता," ती म्हणाली.

ती दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलीच्या गावात, इथून बारा किलोमीटरवर, तिच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. एका रविवारी ती या गावातल्या एका क्लासमध्ये सराव परीक्षेला आली. क्लासचा नियम कडक होता: फोन बंद करायचे आणि दाराशी ठेवलेल्या टोपलीत टाकायचे. दोन तास तिने मन लावून गणिते सोडवली. बाहेर येऊन फोन चालू केला, तेव्हा त्यावर वडिलांचा एक आणि गिरणीशेजारी सायकलचे दुकान असलेल्या घाटगेकाकांचे अकरा फोन येऊन गेलेले होते. हृदयाच्या झटक्याने वडील वारले होते. आई त्या दिवशी परगावी होती. घाटगेकाकांनी त्यांना टेम्पोत घालून ज्या दवाखान्याकडे आणले, तो त्या क्लासपासून दोन गल्ल्यांवर होता. त्या सराव परीक्षेत मुलीला सर्वांत जास्त गुण मिळाले. क्लासने तिचे नाव फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिले आणि आठ दिवस पुसले नाही.

तेव्हापासून तो फोन एकदाही बंद झाला नव्हता. झोपताना उशाशी, स्वयंपाक करताना ओट्यावर, देवळात गेली तरी मुठीत. गिरणी आता आई चालवत होती. पोती उचलून उचलून तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. तिने मुलीला सांगून टाकले होते, "यंदा परीक्षा दिलीस तर दिलीस. न्हाईतर पट्टा चढवायला शीक आन् गिरणी घे. मला आणखी एक वरीस निभायचं न्हाई." आईच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मुलीला जास्त लागले. परीक्षेला आता चाळीस दिवस उरले होते.

गुरुजींनी सारे ऐकून घेतले. दुःखाच्या बातमीवर माणसे जे बोलतात, त्यातले ते काहीच बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "उद्यापासून ये. फोन चालूच ठेव."

"पण परीक्षेत गुरुजी..."

"परीक्षा चाळीस दिवसांनी आहे ना? मग उद्या कशाला बंद करतेस?"

दुसऱ्या दिवसापासून गुरुजींनी जे आरंभले, ते मुलीला मुळीच कळेना. टक्केवारी नाही, सरासरी नाही, नफा-तोटा नाही. ते तिला एकाच प्रकारचे प्रश्न देऊ लागले. या परीक्षेत काही प्रश्न असे असतात, की ते सोडवायचेच नसतात. प्रश्नाखाली दोन विधाने दिलेली असतात आणि विचारलेले एवढेच असते, की उत्तर काढायला ही माहिती पुरते का? पहिले विधान एकटे पुरते, दुसरे एकटे पुरते, दोन्ही मिळून पुरतात, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत, असे चार पर्याय. उत्तर कोणी मागतच नाही.

हुशार मुलांचा याच प्रश्नांत हमखास बोऱ्या वाजतो. त्यांना आकडा काढल्याशिवाय चैन पडत नाही. ही मुलगी तर हुशार होतीच. पहिल्या दिवशी तिने वीसपैकी सहा प्रश्न चुकवले आणि स्वतःवरच चिडली. गुरुजींनी त्या सहांवर बोट फिरवले. सहाही ठिकाणी चूक एकच होती.

"हा वाच," ते म्हणाले.

मुलीने वाचले, "एका घरात किती माणसं राहतात? पहिलं विधान, घरात मुलं मोठ्यांच्या दुप्पट आहेत. दुसरं विधान, घरात तीन मोठी माणसं आहेत."

"तू काय लिहिलंस?"

"दुसरं विधान एकटं पुरतं. तीन मोठी, सहा मुलं. नऊ माणसं."

"सहा मुलं कुठून आणलीस?"

"दुप्पट आहेत ना?"

"दुसऱ्या विधानात मुलांचं नावसुद्धा नाही, बाळ. त्या बिचाऱ्याने फक्त तीन मोठी माणसं सांगितली आहेत. मुलं तू पहिल्या विधानातून उचललीस आणि इकडे आणून बसवलीस. आपण आणली हे तुला कळलंही नाही."

मुलगी ओशाळली. गुरुजी उठले, कपाटातून जुन्या लग्नपत्रिका काढल्या आणि कात्रीने त्यातल्या एकीची बोटभर रुंद पट्टी कापली. त्यांच्या घरी अशा पट्ट्यांचा ढीगच होता. प्रत्येक विद्यार्थ्याला एक मिळे. "एक विधान तपासताना दुसरं या पट्टीने झाकायचं," त्यांनी सांगितले. "मनाने झाकतो म्हणशील तर झाकलं जात नाही. एकदा वाचलेलं मन सोडत नाही. म्हणून हाताने झाकायचं."

पंधरा दिवस हेच चालले. मुलगी रोज दुपारच्या एसटीने येई, मांडीवर फोन ठेवून बसे, पट्टी सरकवत प्रश्न तपासे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाई. फोन वाजला की दचके. बहुधा कसली तरी जाहिरात असे. दोनदा तिने विचारले, "बाकीचा अभ्यास कधी घ्यायचा गुरुजी?" दोन्ही वेळा त्यांनी "होईल" एवढेच उत्तर दिले. तिला वाटू लागले की म्हाताऱ्याची बुद्धी थकली असावी. हे तिनेच पुढे मला सांगितले, आणि सांगताना कान पकडले.

ती मात्र सुधारत होती. वीसपैकी अठरा, मग एकोणीस. आणि एका दुपारी गुरुजींनी वेग आणि अंतराचा एक साधा प्रश्न तिच्यापुढे टाकला. शाळेतल्या मुलाने सोडवावा असा. दहा मिनिटे झाली तरी मुलीची मान वर होईना. गुरुजींनी वाकून पाहिले. प्रश्नाला तिने हातही लावला नव्हता. कागदाच्या समासात बारीक अक्षरांत एकाखाली एक वेळा लिहिल्या होत्या: नऊ बावन्न, नऊ त्रेपन्न, नऊ अठ्ठावन्न, दहा सोळा.

"हे कुठल्या प्रश्नातलं?" गुरुजींनी विचारले.

मुलीने समासावर हात ठेवला. मग हळूच काढून घेतला. दोन वर्षे जे तिने कोणालाही सांगितले नव्हते, ते ती सांगू लागली, आणि तेही एखादे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवावे तशा आवाजात.

"नऊ बावन्नला बाबांचा फोन आला होता. माझा चालू असता तर मी उचलला असता. नऊ त्रेपन्नला घाटगेकाकांना फोन केला असता. टेम्पो त्यांच्या दारातच असतो. नऊ अठ्ठावन्नला ते निघाले असते. बारा किलोमीटर, चाळीसचा वेग धरला तर अठरा मिनिटं. म्हणजे दहा सोळाला दवाखाना. बाबा दहा पन्नासला गेले. चौतीस मिनिटं शिल्लक राहतात, गुरुजी. रेल्वे फाटक लागलं, वेग तीसच धरला, तरी अठ्ठावीस राहतात. वीसचा धरला तरी सोळा. मी सगळे वेग घालून बघितलेत. कुठल्याही वेगाने बाबा वाचतात."

"किती वेळा सोडवलंस हे?"

"रोज."

गुरुजींनी एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "प्रश्न नीट मांड. वर प्रश्न, खाली दोन विधानं. परीक्षेत असतो तसा."

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. बाप गेल्याचा कोणी प्रश्न मांडतो का? एखाद्याने रागाने उठून जावे, असेच ते बोलणे होते. पण पंधरा दिवसांत तिला एक कळले होते, की हा माणूस थट्टा करत नाही. तिने पेन उचलले आणि वर लिहिले, 'बाबा वाचले असते का?'

"थांब," गुरुजी म्हणाले. "याचं उत्तर तू रोज काढतेस. तुझ्या गणितात बाबा दहा सोळाला कुठे पोहोचतात?"

"दवाखान्यात."

"दारात. दारात पोहोचल्यापासून वाचेपर्यंत काय काय लागतं? त्या वेळी डॉक्टर होते का? हृदयाचं किती नुकसान झालं होतं? औषध लागू पडलं असतं का? यातलं काय तुला दिलेलं आहे?"

मुलीने समासातल्या वेळा पुन्हा पाहिल्या. "काही दिलेलं नाही."

"मग रोज उत्तर कुठून काढतेस? पर्याय सांग."

"चौथा," ती पुटपुटली. "माहिती अपुरी आहे."

"आता खरा प्रश्न लिही. तुला जो टोचतो तो."

मुलीचे पेन कागदावर टेकले आणि तिथेच थांबले. मग तिने लिहिले, 'मुलीने फोन बंद केला, ते बरोबर केले का?'

"फोन कधी बंद केलास?"

"नऊ पंचवीसला."

"मग पहिल्या विधानात नऊ पंचवीसपर्यंत तुला जे ठाऊक होतं, तेवढंच लिही. नंतरचं सगळं दुसऱ्यात."

मुलीने लिहिले. पहिले विधान: सकाळी बाबा म्हणाले, छातीत जळजळतंय, रात्रीच्या भज्यांचं पित्त झालं. जिऱ्याचं पाणी प्यायले. गिरणी उघडली, पहिला डबा दळला. मी म्हटलं, थांबू का? ते म्हणाले, निघ, तुझी गाडी चुकेल. दुसरे विधान: नऊ बावन्नला त्यांनी मला फोन केला. दहा पाचला गिरणीत पडले. दहा पन्नासला वाटेत गेले.

गुरुजींनी लग्नपत्रिकेची पट्टी उचलली आणि दुसऱ्या विधानावर ठेवली. वर स्वतःचा पंजा ठेवला.

"वाच."

मुलीने पहिले विधान वाचले.

"आता सांग. बरोबर केलं का?"

"पण गुरुजी, मला माहीत आहे की नंतर..."

"ते झाकलं आहे."

"झाकलं म्हणून काय झालं? झालंच ना ते! झालं ते खोटं आहे का?"

"खोटं नाही. पण ते नऊ पंचवीसला झालेलं नव्हतं. तिथे एक मुलगी उभी आहे, तिच्या हातात फोन आहे, आणि तिच्यापाशी वरच्या चार ओळी आहेत. तेवढ्याच. तिला विचार."

मुलीने पट्टी काढायला हात पुढे केला. म्हाताऱ्याचा पंजा हलला नाही. ती त्याच्याशी झोंबलीसुद्धा, जराशी, पोर खेळण्यासाठी झोंबते तशी. मग तिचा हात सुटला. तिने पुन्हा चार ओळी वाचल्या. थांबू का, असे तिने विचारले होते. ही ओळ तिनेच लिहिली होती, आणि दोन वर्षांत ती तिला एकदाही आठवली नव्हती.

"बरोबर केलं," ती म्हणाली. आवाज इतका लहान होता की गुरुजींना कान पुढे करावा लागला.

तुम्हाला वाटेल, आता तिच्या मनावरचा दगड उतरला असेल, चेहरा उजळला असेल. दृष्टांतांत तसे होते खरे. इथे झाले नाही. मुलीचा चेहरा पांढरा पडला आणि ती ताडकन उठून उभी राहिली.

"मग आता मी काय करू?" ती ओरडली. "मी रोज गणित मांडत होते ना, तेव्हा रोज बाबा दहा सोळाला पोहोचत होते. रोज वाचत होते! तुम्ही तेही काढून घेतलंत!"

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी ते पुसले नाही. ते म्हणाले, "हो. काढून घेतलं. बाळ, चूक आपली असली की ती दुरुस्त करता येईल अशी आशा असते. म्हणून माणूस आपल्या हातात नसलेली गोष्टही आपली चूक म्हणून धरून ठेवतो. तू फोन बंद केल्याची चूक धरलीस, कारण ती सोडली की बाबा गेले एवढंच उरतं. त्याला कुठलाही वेग घालता येत नाही. पट्टीने दुःख कमी होतं असं मी तुला सांगणार नाही. पण नंतर कळलेलं आधीच्या क्षणात नेऊन बसवायचं आणि त्या क्षणातल्या पोरीला दोषी धरायचं, हा हिशेब चुकीचा आहे. चुकीच्या गणितात मी तुला राहू देऊ शकत नाही. मी गणिताचा मास्तर आहे. मला एवढंच येतं."

मुलगी मटकन खाली बसली. खूप वेळाने तिने विचारले, "गुरुजी, नऊ बावन्नला त्यांनी मलाच फोन केला. घाटगेकाका शेजारी होते, त्यांना हाक नाही मारली. मला केला. ते मला काय सांगणार होते?"

याचे काही गोड उत्तर देता आले असते. तुझी आठवण आली असेल, तुला आशीर्वाद द्यायचा असेल, असे काहीबाही. मी असतो तर दिलेच असते. गुरुजींनी मान हलवली आणि हलकेच म्हणाले, "चौथा पर्याय, बाळ."

तेव्हा ती रडली. दोन वर्षे ती फोनसाठी, टेम्पोसाठी, फाटकासाठी, त्या चौतीस मिनिटांसाठी रडत आली होती. त्या दुपारी ती बापासाठी रडली: पापण्यांवर पीठ घेऊन जेवायला बसणाऱ्या, पट्ट्याच्या आवाजामुळे घरातही ओरडून बोलणाऱ्या, साध्या माणसासाठी. गुरुजी शेजारी बसून राहिले. संध्याकाळची गाडी चुकली, तेव्हा त्यांनी शेजारच्या रिक्षावाल्याला बोलावून तिला घरी पोहोचवायला सांगितले.

पुढचे दिवस बाकीच्या अभ्यासात गेले. गुरुजींनी फोनचा विषय काढला नाही. एका दिवशी मुलीनेच तो बंद करून टेबलावर ठेवला आणि पाच मिनिटांत पुन्हा चालू केला. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटे. पुढे अर्धा तास. एकदा तासाभराने चालू केला तेव्हा घामाने तिचा कुडता भिजला होता. गुरुजींनी पंखा वाढवला आणि पुढचे उदाहरण सांगितले.

परीक्षेच्या दिवशी आई बरोबर आली. गिरणी बंद ठेवून, ठेवणीतले लुगडे नेसून. परीक्षेचे केंद्र शहरात होते. फाटकाबाहेर मुलामुलींची ही गर्दी, कोणी सूत्रे पाठ करतो आहे, कोणी देवाचे नाव घेतो आहे. मुलीने फोन हातात घेतला. तिचे बोट बटणावर थांबले. आईने ते पाहिले, आणि तिला काय वाटले कोणास ठाऊक, तिथेच, त्या गर्दीत, ती एकाएकी म्हणाली, "तुझा काय दोष न्हाई गं त्यात. दोष माझा हाय. मी बारशाला गेले नसते, तर घरात हुते की मी. पित्त म्हणाले, आन् मी पिशवी उचलून चालती झाले. बायको असून मला कळू नये? रोज म्हणते मी हे, दळताना. गिरणीच्या आवाजात कुणाला ऐकू जात न्हाई."

दोन वर्षे एका घरात, एका चुलीवर, दोघी आपापले गणित सोडवत बसल्या होत्या आणि एकीला दुसरीचा पत्ता नव्हता. ती स्वतःच्या आकड्यांत एवढी गढलेली होती, की आईच्या खांद्यावरचे पोते तिला दिसले, हे दिसले नाही. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली. फाटकावरचा शिपाई ओरडत होता, "पाच मिनिटं राहिली, चला, आत चला."

तिने आईचे दोन्ही हात धरले. "आई, इकडे बघ. निघालीस तेव्हा तुला काय माहीत होतं? तेवढंच सांग. पुढचं नको."

"काय माहीत असणार? म्हणाले, जा की. पोराला बघून ये, माझ्या नावानं झबलं दे त्याला."

"हसत होते?"

"हसत हुते." आईने पदर तोंडाला लावला. "मिशीला पीठ लागलं हुतं. मी म्हटलं, पुसा ते. तर म्हणाले, तू आल्यावर पूस."

"मग तू काय चुकलीस?"

आईने डोळे मिटले. मुलीने पुन्हा विचारले नाही. तिने फोन बंद केला, आईच्या हातात दिला आणि तिचा खांदा दाबला, दुखरा नव्हे, दुसरा. मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली, "जा तू आत. मला जरा रडू दे."

मुलगी आत गेली. मागे फाटक लागले.